पंधरा सह्या, त्यातल्या तीन दुसऱ्याच्याच: मायनर लीग बेसबॉलचे जुने टीम फोटो

हे या आठवड्याच्या भागाचं लिखित रूप. लोकलमध्ये रेंज जाते म्हणून वाचणारे आणि मला दीडपट स्पीडवर ऐकूनही कंटाळणारे, अशा दोघांसाठी. बोलताना जिथे अडखळले ते काढून टाकलंय, आणि नंतर आठवलेल्या एक-दोन गोष्टी घातल्यात.

तर, माझ्या टेबलावर एक फोटो आहे. ब्लॅक अँड व्हाइट, आठ बाय दहा इंच. तीन रांगांत अठरा जण. सोळा खेळाडू, एक मॅनेजर, आणि पुढे जमिनीवर मांडी घालून बसलेला बारा-तेरा वर्षांचा एक पोरगा. त्याच्यासमोर दोन बॅटी फुलीसारख्या ठेवल्यात. मागे लाकडी स्टँड. खाली कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरात 1941. आणि फोटोभर, कुणाच्या छातीवर, कुणाच्या गुडघ्यावर, पंधरा सह्या.

हा फोटो मी 35 डॉलरला घेतला. तेव्हा मी कंपनीच्या कामासाठी दोन वर्षं कॅन्ससमध्ये होते. तिकडे घरातलं म्हातारं माणूस गेलं की घरचे लोक इस्टेट सेल लावतात. म्हणजे घर उघडायचं, कपबशीपासून पलंगापर्यंत सगळ्याला किमतीची चिठ्ठी लावायची, आणि अनोळखी लोकांनी येऊन घेऊन जायचं. पहिल्यांदा गेले तेव्हा मला ते फार विचित्र वाटलं होतं. नंतर दर शनिवारी जायला लागले. सवय लागते हो.

त्यातला एकही चेहरा मला माहीत नव्हता. तुम्हालाही नसता. तिकडच्या क्रिकेट… सॉरी, बेसबॉलवेड्या माणसालाही नसता. कारण हा फोटो मायनर लीगच्या टीमचा आहे, आणि तोही अगदी खालच्या पायरीवरच्या.

मायनर लीग म्हणजे काय, हे पटकन सांगते. टीव्हीवर कधीतरी दिसतात ते न्यूयॉर्क यांकीज वगैरे, ती मेजर लीग. तिथे पोचायच्या आधी खेळाडू छोट्या गावांच्या टीममधून खेळत वर येतात. आपल्याकडे कांगा लीगमध्ये ए डिव्हिजन, बी डिव्हिजन असतं ना, तशा तिथेही क्लास होते, ए पासून डी पर्यंत. 1901 मध्ये या सगळ्या छोट्या लीगची मिळून एक संघटना झाली. 1949 मध्ये, म्हणजे ऐन भरात, 59 लीग होत्या आणि सुमारे साडेचारशे टीम. आपल्या तालुक्याच्या गावाएवढ्या गावालासुद्धा स्वतःची पगारी टीम. मग घराघरांत टीव्ही आला, लोक स्टँडऐवजी सोफ्यावर बसून मेजर लीग बघायला लागले आणि टीम पटापट बंद पडल्या. 2021 पासून मेजर लीगशी जोडलेल्या टीम फक्त 120 उरल्यात.

आणि तुम्ही म्हणाल याचा आपल्याशी काय संबंध, तर ‘मिलियन डॉलर आर्म’ सिनेमा आठवतोय? उत्तर प्रदेशातले ते दोन भालाफेकपटू, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल. 2008 मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सनी त्यांना करारबद्ध केलं आणि 2009 च्या उन्हाळ्यात ते फ्लोरिडात खेळले. ती मायनर लीगच होती. सगळ्यात खालची पायरी.

आता टीम फोटो. तिकडच्या सही-संग्राहकांच्या जगात सगळा पैसा एका माणसाच्या सहीत असतो. मोठा स्टार, बॉलवर एकटीच सही, की किंमत आभाळाला. टीमच्या सगळ्यांच्या सह्या असलेला बॉल त्यामानाने स्वस्त. त्यामुळे काही महाभाग काय करतात? जुन्या टीम-बॉलवरच्या बाकीच्यांच्या सह्या खोडून काढतात आणि स्टारची तेवढी ठेवतात. ऑटोग्राफच्या वहीच्या पानातून स्टारचं नाव कात्रीने कापून घेतात, उरलेलं पान कचऱ्यात. मला याचा खरंच राग येतो. कारण त्या खोडलेल्या पोरांपैकी बहुतेक जण मेजर लीगपर्यंत कधीच पोचले नाहीत. एक-दोन सीझन, मग घरी परत. ते खेळाडू होते याचा कागदावरचा पुरावा कधीकधी तेवढाच उरलेला असतो.

आणि गंमत अशी, की स्टारची सही खरी आहे का, हे सांगणारे साक्षीदारही हेच लोक असतात. ते कसं, ते आता सांगते. आजच्या भागाचा मुद्दाच हा आहे.

आधी माझी फजिती. मी घेतलेला पहिला ‘सही केलेला’ टीम फोटो ऑनलाइन घेतला होता, साठ डॉलरला. 1930 च्या दशकातला, वीस सह्या. घरी आल्यावर खिडकीपाशी तिरका धरला. शाईची सही असेल तर तिरक्या उजेडात ती कागदाच्या चकाकीपेक्षा वेगळी दिसते, वर बसल्यासारखी. इथे काहीच वेगळं नाही. सगळीकडे सारखीच चमक. भिंग लावलं, तर सह्यांचा रंग फोटोतल्या सावल्यांसारखाच करडा-काळा. म्हणजे कुणीतरी सही केलेल्या खऱ्या फोटोचा फोटो काढून प्रती छापल्या होत्या. विकणाऱ्याला विचारलं तर म्हणाला, “सह्या आहेत असं लिहिलं होतं, आहेत ना?” बरोबर आहे बाबा, आहेत.

असाच एक छोटा गोंधळ पांढऱ्या अक्षरांचा. जुन्या फोटोंवर पांढऱ्या अक्षरात नावं किंवा साल दिसलं तर ते फोटोग्राफरने निगेटिव्हवर काळ्या शाईने लिहिलेलं असतं. काळं जिथे, तिथून उजेड जात नाही, म्हणून प्रिंटवर ते पांढरं उमटतं. ती सही नाही, तो मथळा आहे. पण कामाचा असतो, कारण साल आणि गाव तिथेच मिळतं.

मग शाई. इथे दोन तारखा पाठ करून ठेवा. अमेरिकेत बॉलपेन दुकानात विकायला आलं ते 29 ऑक्टोबर 1945 ला, न्यूयॉर्कच्या गिम्बल्स या दुकानात, साडेबारा डॉलरला एक. आणि शार्पी नावाचं ते जाड मार्कर पेन, जे आज सगळे खेळाडू वापरतात, ते आलं 1964 मध्ये. म्हणजे 1937 च्या टीमचा फोटो, आणि विकणारा म्हणतोय “त्याच सीझनमध्ये केलेल्या सह्या आहेत”, आणि सह्या मात्र शार्पीने, तर तुम्हाला काय करायचं ते कळलं. पण थांबा, लगेच ‘खोटं’ असा शिक्का मारू नका. एखाद्या म्हाताऱ्या खेळाडूने 1985 मध्ये कुणाच्यातरी आग्रहावरून जुन्या फोटोवर मार्करने सही केलेली असू शकते. सही खरी, दावा खोटा. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि किंमतही वेगळी.

कागदासाठी तो जांभळा लाइट, नोटा तपासायला दुकानदार वापरतात तो. 1950 च्या आसपासपासून फोटोच्या कागदात पांढरेपणा वाढवणारी रसायनं घालायला लागले, आणि ती या उजेडात निळसर चमकतात. 1941 चा म्हणवणारा फोटो ट्यूबलाइटसारखा चमकला, तर तो नंतरचा प्रिंट आहे. उलटं मात्र खरं नाही बरं का. चमकला नाही म्हणजे जुनाच, असं होत नाही. नंतरचे सगळे कागद चमकतात असं नाही.

इथपर्यंतचं सगळं कुणीही दहा मिनिटांत करू शकतं. खरी मजा पुढे आहे: माणसं मोजणं.

मायनर लीगची टीम म्हणजे एसटी स्टँड. लोक येतात, जातात. चांगला खेळला की वरच्या टीमने उचलला, वाईट खेळला की घरी. सीझन एप्रिल-मेपासून सप्टेंबरपर्यंत, आणि त्यात अर्धी टीम बदललेली. त्यामुळे कोण फोटोत आहे आणि कोण नाही, यावरून तो कधी काढला हे आठवड्यांपर्यंत सांगता येतं.

सगळ्यात छान उदाहरण 1946 च्या माँट्रियल रॉयल्सचं. ही टीम प्रसिद्ध आहे कारण जॅकी रॉबिन्सन यांनी गोऱ्यांच्या व्यावसायिक बेसबॉलची भिंत इथे ओलांडली. 18 एप्रिल 1946, जर्सी सिटी, पहिलाच सामना, पाच वेळा बॅटिंगला आले आणि चार हिट, त्यात एक होम रन. पुढच्या वर्षी ते मेजर लीगमध्ये गेले आणि इतिहास सगळ्यांना माहीत आहे. पण त्या सीझनच्या सुरुवातीला रॉयल्समध्ये आणखी एक काळा खेळाडू होता, पिचर जॉन राइट. मे महिन्यात त्यांना खालच्या टीममध्ये पाठवलं आणि त्यांच्या जागी रॉय पार्टलो आले. जुलैमध्ये पार्टलोंनाही खाली पाठवलं. म्हणजे कुणी तुम्हाला त्या टीमचा फोटो दाखवला, तर रॉबिन्सनकडे नका बघू, ते पूर्ण सीझन होते, त्यांच्यावरून काहीच कळणार नाही. राइट दिसतायत का बघा, पार्टलो दिसतायत का बघा. आणि फोटोत राइट आहेत पण सह्यांमध्ये ऑगस्टमध्ये आलेला कुणीतरी आहे, तर सह्या एका दिवशी झालेल्या नाहीत एवढं नक्की.

बघा, तारीख कोण सांगतंय? ज्यांची नावं कुणी विचारत नाही ते.

खोट्या सह्या करणाऱ्याची अडचणही हीच आहे. मिकी मँटल घ्या. यांकीजचे महान खेळाडू. 1949 मध्ये सतरा वर्षांचे असताना कॅन्ससमधल्या इंडिपेंडन्स या गावच्या टीममधून, क्लास डी मध्ये खेळत होते. बॅटिंग झकास, फील्डिंग अशी की गावकऱ्यांनी डोक्याला हात लावावा. त्यांची नंतरची सही इंटरनेटवर हजारो ठिकाणी आहे, मोठे गोल वळणदार ‘एम’, डौलदार. ती गिरवणं सोपं. पण 1949 मधल्या पोराची सही तशी नव्हतीच, साधी होती, शाळकरी. डौल नंतर आला. त्यामुळे त्या वर्षीच्या फोटोवर शाईने केलेली डौलदार सही दिसली की शंका घ्यायची. आणि ते जमवलं तरी बाकीच्या सोळा जणांचं काय? त्यांच्या सह्यांचे नमुने गूगलवर नाहीत. सोळा वेगवेगळे हात, सोळा वेगवेगळे दाब, कुणी डावखुरा, कुणी जेमतेम लिहिता येणारा. एका माणसाने ते केलं की कुठेतरी त्याचा स्वतःचा हात डोकावतोच.

हे डोक्यात ठेवा, पुढे माझ्या फोटोत येणार आहे.

फसवणूक किती मोठी असू शकते याचा अंदाज हवा असेल तर एफबीआयचं ‘ऑपरेशन बुलपेन’ शोधा. 1990 च्या दशकात कॅलिफोर्नियात खोट्या सह्यांची पूर्ण टोळीच पकडली. त्यांच्या मालात काय सापडलं, तर मदर तेरेसांची ‘सही’ असलेले बेसबॉल! म्हणजे मदर कोलकात्यात कामं आटपून बेसबॉलवर सह्या करत बसल्या होत्या. आणि लोक विकत घेत होते, सर्टिफिकेटसकट. म्हणून मी सर्टिफिकेट शेवटी वाचते.

मग अनोळखी खेळाडूच्या सहीचा नमुना आणायचा कुठून? याचं उत्तर मला माहीत झालं तेव्हा मी ऑफिसात टुणकन उडी मारली होती. युद्धाची नोंदणी कार्डं. 16 ऑक्टोबर 1940 ला अमेरिकेत 21 ते 35 वयाच्या सगळ्या पुरुषांना सैन्यभरतीसाठी नाव नोंदवावं लागलं. सगळ्यांना, खेळाडू असो की खाटीक. त्या कार्डावर नाव, पत्ता, जन्मतारीख, नोकरी कुठे, ‘तुमचा पत्ता ज्याला कायम माहीत असेल अशा माणसाचं नाव’, आणि खाली सही. स्वतःच्या हाताची, सरकारी माणसासमोर केलेली. पहिल्या महायुद्धाचीही अशीच कार्डं आहेत, 1917-18 ची. यातली लाखो कार्डं स्कॅन होऊन ऑनलाइन आलीत, फुकट बघता येतात. 1941 च्या टीमसाठी तर सोन्याची खाण, कारण नमुना फक्त काही महिने आधीचा.

युद्धानंतरच्या खेळाडूंसाठी विल्यम वाइस नावाच्या एका आकडेबाज गृहस्थांची प्रश्नावली आहे. ते वर्षानुवर्षं मायनर लीगच्या खेळाडूंना फॉर्म पाठवायचे आणि खेळाडू हाताने भरून परत पाठवायचे. टोपणनाव काय, छंद कोणता, असले प्रश्न. तेही ऑनलाइन आहेत.

तर मी माझ्या पंधरा सह्या घेऊन बसले. तोवर पुण्यात परत आले होते, लॉकडाउन होता, वेळच वेळ. टीमची यादी काढली, एकेक कार्ड शोधलं. सातजणांची मिळाली. काही खेळाडू 1940 मध्ये 21 चे नव्हते, त्यांची नोंदणी नंतरची. सहा सह्या जुळल्या. सातवी नाही.

तो पिचर होता. नाव सांगत नाही, त्याच्या घरचे असतील कुठेतरी. कार्डावर नोकरी म्हणून बेसबॉल नाही, पेट्रोल पंप लिहिलंय, कारण ऑक्टोबरमध्ये सीझन संपलेला आणि पगार बंद. पत्ता कायम माहीत असणारं माणूस म्हणून आईचं नाव. खाली सही बारीक, दाटीवाटीने, मधल्या नावाच्या आद्याक्षरासकट. आणि माझ्या फोटोवरची त्याची सही मोठी, ऐसपैस, मधलं अक्षर नाही, आणि ‘आर’ या अक्षराचा पाय फुटबॉल मारल्यासारखा पुढे फेकलेला.

आणखी शोधलं तेव्हा कळलं की तो 1944 मध्ये युरोपात लढताना गेला. दुसऱ्या महायुद्धात शंभराहून जास्त मायनर लीग खेळाडू गेले. लीगच बंद पडत गेल्या होत्या, 1941 मध्ये 41 होत्या, 1943 मध्ये जेमतेम दहा उरल्या. म्हणजे त्याच्या हातचं म्हणून जे मी जपून ठेवलं होतं, ते त्याच्या हातचं नव्हतंच. दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही, खोटं सांगत नाही.

मग तो ‘आर’ मी बाकीच्या सह्यांत शोधायला लागले. आणखी दोन ठिकाणी सापडला. तीन सह्या, एक हात. आणि चौथ्या ठिकाणी तोच पाय दिसला तेव्हा मला हसू आलं. चौथी सही पेन्सिलने होती, सगळ्यात खाली, बॅटींच्या फुलीपाशी. त्या पुढे बसलेल्या पोराची. त्याच्या स्वतःच्या नावात ‘आर’ होता.

तिकडे याला क्लबहाउस सही म्हणतात. खेळाडू आंघोळीला गेलेला, बाहेर लोक उभे, मग ड्रेसिंग रूममधला नोकर नाहीतर बॅटी उचलून देणारा बॅटबॉय त्याच्या नावाने सही ठोकायचा. मोठमोठ्या टीममध्येही सर्रास चालायचं. पैशासाठी नाही, काम उरकायला. या पोराने सगळ्यांच्या सह्या गोळा केल्या असणार, तीन जण राहिले, आणि रिकामी जागा त्याला बघवली नसणार. किंवा तो पिचर म्हणाला असेल, कर रे तूच. मी हे सिद्ध करू शकत नाही.

एक मात्र नक्की. पेन्सिलच्या सहीतलं आडनाव आणि त्या घराबाहेरच्या पत्रपेटीवर रंगवलेलं आडनाव एकच होतं. ज्या आजोबांच्या घरातून मी फोटो घेतला, तो पोरगा तेच होते. त्याच सेलमध्ये त्यांच्या शाळेचं इयरबुक दोन डॉलरला होतं, वह्यांचा एक खोकाही होता. मी ‘सामानात जागा नाही’ म्हणून सोडून दिलं. त्यांच्या अक्षराचा सगळा पुरावा त्या खोक्यात होता. म्हणून सांगते, फोटो घ्याल तिथे आजूबाजूचे कागदही घ्या. फोटो कुणाकडे होता, कसा आला, हे विकणाऱ्याला विचारा आणि त्याच दिवशी लिहून ठेवा.

नंतर तिकडच्या एका डीलरला मी स्कॅन पाठवले. त्याने बरी किंमत सांगितली, आणि वर म्हणाला, त्या तीन सह्यांचं कुणाला सांगू नका, युद्धात गेलेल्या माणसाच्या सहीला जास्त गिऱ्हाईक आहे. मी फोटो विकला नाही. प्लॅस्टिकच्या चांगल्या कव्हरात, उन्हापासून लांब, कपाटात आडवा ठेवलाय. लॅमिनेशन अजिबात करायचं नाही, आणि भिंतीवर लावायचाच असेल तर कॉपी लावा. कव्हरात मागे एक वेगळी चिठ्ठी घातलीय, त्यात तीन नावं आणि ती कुणाच्या हातची वाटतात ते. माझ्यानंतर ज्याच्या हातात जाईल त्याला माझ्यासारखं दोन दिवस उपाशी राहायला नको.

आता एक काम तुमच्यासाठी. रिंकू आणि दिनेश 2009 मध्ये ज्या टीममध्ये होते, तिचा सह्या असलेला टीम फोटो मी बरेच दिवस शोधतेय. कुणाकडे पाहिलात तर कळवा. विकत घ्यायचा नाही, फक्त बघायचाय. आणि मोबाइलवर फोटो काढून पाठवाल तर प्लीज त्या दोघांपुरता क्रॉप करू नका, सगळी टीम येऊ द्या.